बाबा व्हेंटिलेटरवर आहेत, आणि मी नुसती आकडे लिहीत बसले आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे. न्यूमोनियातून सेप्सिस झालं, म्हणजे संसर्गाला शरीरानं दिलेल्या बेफाम प्रतिक्रियेनं अवयवांनाच इजा होऊ लागली, नऊ दिवसांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. एक डॉक्टर 'थोडी सुधारणा आहे' म्हणतात, संध्याकाळचे दुसरे 'क्रिटिकलच आहेत' म्हणतात. मुलगी मॉनिटरवरचे आकडे वहीत उतरवते आणि रात्रभर त्यांचा अर्थ शोधते. परदेशातला भाऊ फोनवरून 'अजून काय करता येईल' असं विचारत असतो. आईला सगळं सांगितलेलं नाही. ताप असताना दोन दिवस घरीच काढले, ते मनातून जात नाही. आणि परवा डॉक्टरांनी ट्रॅकिओस्टॉमीबद्दल आणि 'पुढचं' बोलायला सगळ्यांना बोलावलं आहे.

मी बावीस वर्षं आयसीयूत काम करतो. तुम्ही विचारलेल्या बऱ्याच गोष्टींबद्दल बोलेन, पण सुरुवात त्या वहीपासून करतो, कारण तुमची अर्धी झोप तिथे जाते आहे.

सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, ९५ वरून ९१ झालं की तुमचा जीव खाली जातो, परत ९५ दिसलं की वर येतो. पण तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. बोट गार पडलं किंवा क्लिप सरकली तरी तो उतरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तो किती मदत देऊन मिळालेला आहे हे बघावं लागतं. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. व्हेंटिलेटर तो २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत देऊ शकतो. ८० टक्के ऑक्सिजन देऊन सॅच्युरेशन ९६ असलेल्या पेशंटपेक्षा ४० टक्क्यांवर ९३ असलेला पेशंट मला जास्त बरा वाटतो. मॉनिटरवर मात्र ९६ जास्त छान दिसतं. बीपीचंही तसंच. वरचा आकडा ११० असला, तरी तो नॉरअॅड्रेनालिनच्या (बीपी वर ठेवणाऱ्या औषधाच्या) किती मोठ्या डोसवर आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

म्हणून वही बंद करा असं मी म्हणणार नाही, ती तुम्ही करणारही नाही. वीस आकड्यांऐवजी दिवसातून एकदा तीनच गोष्टी विचारा: ऑक्सिजन किती टक्के चालू आहे, बीपीच्या औषधाचा डोस कालपेक्षा कमी की जास्त, आणि लघवी किती होते आहे. लघवीसाठी ढोबळ हिशोब असा, की वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिली तरी हवी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली. फुफ्फुस, रक्ताभिसरण आणि किडनी कुठल्या दिशेनं चालले आहेत ते यातून कळतं. आणि तुलना तासाभरापूर्वीशी करू नका, तीन दिवसांपूर्वीशी करा. आयसीयूतला माणूस सरळ रेषेत बरा होत नाही. एक दिवस वर, अर्धा दिवस खाली, असं चालतं. प्रत्येक खालच्या अर्ध्या दिवसाला तुम्ही 'संपलं' म्हणत राहिलात तर तीन आठवडे टिकणार नाही. आणि तीन आठवडे लागू शकतात.

अलार्मबद्दलही सांगून टाकतो. दिवसभर वाजणाऱ्या अलार्मपैकी बहुतेकांवर काही करावं लागत नाही. खोकला आला, नळी दुमडली, सलाईन संपत आलं, सगळ्याला आवाज आहे. आवाज ऐकू आला की सिस्टरांच्या चालण्याकडे बघा. त्या सावकाश येत असतील तर तुम्हीही सावकाश श्वास घ्या.

आता 'सुधारणा' आणि 'क्रिटिकल'. दोन्ही डॉक्टर खरं बोलत असावेत. सकाळचे कालच्याशी तुलना करून सांगतात, संध्याकाळचे निरोगी माणसाशी. त्यात फुफ्फुसाचे डॉक्टर फुफ्फुसाबद्दल बोलतात, किडनीचे किडनीबद्दल, आणि प्रत्येकाच्या वाक्यातून तुम्ही अख्खे बाबा उभे करायचा प्रयत्न करता. सगळ्यांत फसवा शब्द 'स्टेबल'. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की गेल्या काही तासांत बिघडलं नाही. चार औषधं आणि एका मशीनच्या आधारावर माणूस स्टेबल असू शकतो. नातेवाइकांना मात्र 'धोका टळला' असं ऐकू येतं. हा दोष तुमचा नाही. फ्रान्समध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं, की डॉक्टरांशी बोलणं होऊनही सुमारे निम्म्या कुटुंबांना आजार, उपचार किंवा पुढची शक्यता नीट समजलेली नव्हती. तेव्हा मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरांची आहे ते विचारून घ्या, अंतिम चित्र त्यांच्याकडूनच ऐका, आणि बोलणं संपताना तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगा. 'म्हणजे डॉक्टर, फुफ्फुस थोडं सुधारतंय पण किडनी मागे पडते आहे, असंच ना?' चुकलं असेल तर ते तिथेच दुरुस्त करतील. या एका सवयीमुळे जेवढे गैरसमज टळताना मी पाहिले आहेत, तेवढे दुसऱ्या कशानं नाही.

'नऊ दिवस झाले तरी व्हेंटिलेटर निघत नाही, म्हणजे उपचार लागू पडत नाहीत का?' असंही तुम्ही विचारलं आहे. व्हेंटिलेटर हा उपचारच नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत होते आणि यंत्रं पुरेशी नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं सुचवलं, की श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीनं हातानं श्वास देऊ. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, एकेका पेशंटच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्या पिशवीनं पोलिओ बरा केला नाही, शरीराला सावरायला वेळ मिळवून दिला. आजचं मशीन तेच काम करतं. जंतूंवर अँटिबायोटिक काम करतं, सूज शरीर उतरवतं, आणि तोवर मशीन श्वास सांभाळतं. त्यामुळे 'मशीन कधी निघणार' यापेक्षा 'ज्या कारणासाठी लावलं ते कमी होतंय का' हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

एक गोष्ट मात्र त्या उसंतीच्या बदल्यात जाते, ती म्हणजे स्नायू. लंडनमधल्या २०१३ सालच्या एका अभ्यासात गंभीर आजारी पेशंटच्या मांडीच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत जवळजवळ १८ टक्के कमी झालेला आढळला. बाबांचे हातपाय एकदम वाळलेले दिसतील, किंवा आधी पाण्यानं सुजलेले आणि मग वाळलेले. ते पाहून घाबरू नका, पण नळी निघाली की दुसऱ्या दिवशी चालायला लागतील, अशीही समजूत करून घेऊ नका.

भेटीच्या वेळेत काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. मी सांगणार आहे, कारण तुमच्या पत्रात मॉनिटर अकरा वेळा येतो आणि बाबांचा चेहरा एकदाही नाही.

माझी आई आयसीयूत होती तेव्हा मीही तेच केलं. दुसऱ्याच्या युनिटमध्ये, नातेवाईक म्हणून. तिच्या खोलीत शिरलो की माझी नजर आधी व्हेंटिलेटरच्या सेटिंगवर, मग इन्फ्युजन पंपांवर, मग चार्टवर जायची. पंधरा मिनिटं संपायची. चौथ्या दिवशी माझी बहीण आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, 'दादा, आईचे पाय उघडे आहेत, गार पडलेत.' मी दिवसातून दोनदा त्या पायांशी उभा राहून फाइल वाचत होतो.

तेव्हा आत गेल्यावर आधी बाबांना हाक मारा. तुम्ही कोण ते सांगा, आज वार कोणता, वेळ कोणती, ते कुठे आहेत आणि का आहेत ते सांगा. 'बाबा, तुमच्या घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही. ती काढणार आहेत. तोपर्यंत मी रोज येते.' झोपेच्या औषधात असलेल्या माणसाला नेमकं किती ऐकू येतं हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण बरे झालेले पेशंट नंतर आवाज आठवतात, कधी खरे, कधी स्वप्नात मिसळलेले. ते आवाज ओळखीचे असलेले बरे. हात धरायला हरकत नाही, फक्त जाताना आणि येताना हात स्वच्छ धुवा आणि कुठल्या बाजूला सुया-नळ्या आहेत ते सिस्टरांना विचारा. ओठांना ओलसर बोळा लावायचा असेल, तळव्यांना मलम चोळायचं असेल, तर विचारून करा. बहुतेक सिस्टर आनंदानं करू देतात. बोलायला काही सुचलं नाही तर घरातलं बारीकसारीक सांगा. रडू आलं तर येऊ द्या, त्यांना त्यानं इजा होत नाही.

झोपेचं औषध कमी केलं की एक वेगळा धक्का बसू शकतो. बाबा डोळे उघडतील, पण तुम्हाला ओळखणार नाहीत. नळ्या ओढतील, भिंतीवर माणसं दिसताहेत असं खुणावतील, सिस्टरांवर संशय घेतील. हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले दिसतील. याला डिलिरियम म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये, विशेषतः वयस्कांमध्ये, तो इतका नेहमीचा आहे की आम्ही तो रोज मुद्दाम तपासतो. वेड लागलेलं नसतं. संसर्ग, औषधं आणि मोडलेली झोप यांनी मेंदू गोंधळलेला असतो. बहुतेकांमध्ये तो काही दिवसांत ओसरतो, काहींना जास्त वेळ लागतो. त्यांच्याशी वाद घालू नका, 'असं काही नाही' हे दहा वेळा सांगू नका. 'मी आहे इथे' एवढं पुरतं. गप्प गप्प, सुस्त पडून राहणं हाही डिलिरियमच असू शकतो, आणि तो घरच्यांना डॉक्टरांच्या आधी कळतो. बाबा 'त्यांच्यासारखे' वाटत नसतील तर सांगा, आम्हाला त्याचा उपयोग होतो.

आता परवाची बैठक. ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे गळ्याला पुढून छोटा छेद देऊन श्वासाची नळी तिथून घालायची. ऐकायला भयंकर वाटतं आणि नातेवाइकांना त्यात 'आता आशा नाही' असं ऐकू येतं. खरं तर व्हेंटिलेटर बराच काळ लागणार असं दिसलं की ती सुचवली जाते. तोंडातली नळी निघते, झोपेचं औषध कमी करता येतं, तोंडाची स्वच्छता सोपी होते, आणि बरेच पेशंट हळूहळू मशीनवरून सुटतात. पुढे गरज संपली की ती नळी काढतात आणि छेद भरून येतो. पण 'पुढचं' बोलायला बोलावलंय म्हणजे तेवढंच बोलणं नसेल. डायलिसिस लागलं तर करायचं का, हृदय थांबलं तर छाती दाबायची का, हेही निघेल.

बहुतेक घरांत इथे एकच उत्तर तयार असतं: 'डॉक्टर, शक्य ते सगळं करा.' मी ते हजार वेळा ऐकलं आहे आणि मला ते उत्तर वाटत नाही, ती भीती वाटते. 'सगळं' म्हणजे काय, ते कुठे नेतं, हे विचारलेलंच नसतं. तुम्ही हे विचारा: सगळं चांगलं झालं तर तीन महिन्यांनी बाबा कसे असतील? वाईट झालं तर? सगळ्यांत शक्य वाटणारं कोणतं? डॉक्टर टक्केवारी देतील की नाही सांगता येत नाही, पण या तीन चित्रांबद्दल बोलतील. मग त्यांना बाबांबद्दल सांगा. ते काय करायचे, कशाशिवाय त्यांना जगणं अवघड वाटलं असतं, दुसऱ्या कोणाच्या आजारपणात ते काय बोलले होते. ही माहिती कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते, फक्त तुमच्याकडे असते. तुम्हाला काय हवंय हा प्रश्न बाजूला ठेवा. तुम्हाला बाबा हवे आहेत, ते कळतंच. ते इथे बसून बोलू शकले असते तर काय म्हणाले असते, हे तुम्ही सांगायचं आहे.

आणि लगेच हो किंवा नाही म्हणायची सक्ती नसते. मुदत ठरवून प्रयत्न करता येतो. समजा डायलिसिस सुरू करू, पाच-सात दिवसांनी ठरलेल्या गोष्टी पाहू, सुधारणा असेल तर पुढे जाऊ, नसेल तर परत बसून बोलू. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बैठकीत बोलायचं आहे ते कागदावर लिहून न्या, आणि घरातल्या एका शांत माणसाला फक्त ऐकून टिपायला बसवा. उपचार मर्यादित ठेवायचे ठरलं, तर त्याचा अर्थ बाबांना टाकून दिलं असा नसतो. वेदना, धाप, घबराट यांची औषधं चालूच राहतात, बऱ्याचदा वाढवली जातात. आणि तो निर्णय झालाच तर वैद्यकीय बाजूचं ओझं डॉक्टरांनी उचलायचं असतं. ते सगळं तुमच्या सहीवर ढकलत असतील, तर 'तुमचा सल्ला काय?' असं सरळ विचारा. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत.

दोन दिवसांच्या उशिराबद्दल मी खोटा दिलासा देणार नाही. सेप्सिसमध्ये वेळेला महत्त्व आहे, आणि लवकर आणलं असतं तर कदाचित फरक पडला असता. कदाचित पडलाही नसता. पहिल्या दिवशी आणलेले आणि गेलेले पेशंट मी पाहिले आहेत, पाचव्या दिवशी आणलेले आणि घरी गेलेलेही. आज तुम्हाला तो ताप सेप्सिसची सुरुवात म्हणून दिसतो, कारण पुढचे नऊ दिवस तुम्हाला माहीत आहेत. त्या दिवशी तो ताप होता. त्या आधीचे वीस ताप घरीच बरे झाले होते. डॉक्टरांनी दिवस विचारला तेव्हा तुम्ही खरा सांगितलात ना? तेवढं तुमच्या हातात होतं आणि ते तुम्ही केलंत.

भावावर चिडू नका. दूरचा माणूस अपराधी वाटून घेतो आणि ते 'अमुक इंजेक्शन का दिलं नाही' या रूपात बाहेर येतं. तुम्ही मधल्या निरोप्या होऊ नका, त्यात दोघेही भाजता. बैठकीत त्याला कॉलवर घ्या, डॉक्टरांशी थेट बोलू द्या. बाकी नातेवाइकांना रोज संध्याकाळी एकच मेसेज पाठवायचं काम त्याच्याकडे द्या. तुमचा फोन निम्म्यानं कमी वाजेल आणि त्याला हातात काहीतरी मिळेल.

आईला सांगा. 'नुसतं झोपवून ठेवलंय' हे त्यांनी नऊ दिवस खरं मानलं असेल असं मला वाटत नाही. त्या तुमच्यासाठी मानल्यासारखं करत असतील. बसून, थोडं थोडं सांगा, आणि त्या विचारतील तेवढंच पुढे जा. आत नेण्याआधी काय दिसेल ते सांगून ठेवा: तोंडातली नळी, सुजलेला चेहरा, हाताच्या पट्ट्या. हवा तर आधी फोटो दाखवा, पण तिथे फोटो काढायची परवानगी आहे का ते विचारून.

राहिलात तुम्ही. फ्रान्समधल्याच २००५ सालच्या अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या सुमारे एक तृतीयांश नातेवाइकांमध्ये नव्वद दिवसांनंतरही आघातोत्तर ताणाची लक्षणं आढळली. निर्णयांत सामील झालेल्यांमध्ये ती आणखी जास्त होती. पेशंट वाचला तरी असं होतं. तेव्हा बाबा घरी आल्यावर तुम्हाला अलार्मचे आवाज ऐकू यायला लागले, फोन वाजला की छाती धडधडली, तर 'आता तर सगळं चांगलं आहे' म्हणून दाबून टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. सध्यापुरतं एकच: रात्री बाकावर बसून राहिल्यानं बाबांना काही मिळत नाही. सिस्टरांकडे दोन नंबर द्या, 'काही बदललं तर कितीही वाजता फोन करा' असं सांगा, आणि पाळी लावून घरी जाऊन झोपा. परवा तुम्हाला डोकं ताळ्यावर हवं आहे.

आणि उद्या जाताना बाबांचा चष्मा घेऊन जा. कानाचं यंत्र असेल तर तेही. झोपेचं औषध कमी झाल्यावर जग धूसर आणि बहिरं असेल तर गोंधळ वाढतो, आणि ही वस्तू कपाटात राहिली हे कोणाच्याच लक्षात येत नाही. सिस्टरांना द्या, डबीवर नाव लिहून.